चार एकरांत शेरा सुखी होईल का?

पुण्यात सातव्या मजल्यावर, दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या एका वाचक भगिनींचं पत्र आलं आहे. घरात त्या, यजमान, आठ वर्षांचा मुलगा आणि गुडघ्यांनी बेजार झालेल्या 68 वर्षांच्या सासूबाई. वर्षभरापूर्वी ओळखीच्यांकडून त्यांनी दोन महिन्यांचं पिल्लू आणलं. आई लॅब्रेडॉर, बाप बहुधा जर्मन शेफर्डचा क्रॉस. आज तो 14 महिन्यांचा आणि 31 किलोंचा आहे. नाव बदलून आपण त्याला शेरा म्हणू. सकाळी यजमान त्याला वीस मिनिटं फिरवून आणतात आणि संध्याकाळी गच्चीवर पाऊण तास चेंडू फेकतात. तरीही घरात आल्यावर तो अर्धा तास सुसाट पळत सुटतो, उशा फाडतो, आल्यागेल्याच्या अंगावर उड्या घेतो. मागच्या महिन्यात तो सासूबाईंच्या अंगावर गेला. टेबल हाताशी होतं म्हणून त्या पडल्या नाहीत. रस्त्यावर इतका ओढतो की भगिनींचा खांदा धरला आहे. फारच झालं की त्याला बाल्कनीत बांधतात, तिथे तो दुपारभर भुंकतो. सोसायटीच्या कमिटीने 'लिफ्टमधून आणू नका' असं तोंडी बजावलं आहे. आता दिरांनी सुचवलंय की नारायणगावजवळच्या चार एकरांत त्याला सोडा, मोकळा पळेल. मुलगा रडतोय. त्या विचारतात: "एवढं मोठं जनावर फ्लॅटमध्ये ठेवणं हाच मुळात छळ नाही का? आणि मिक्स असल्यामुळे हा शिकणारच नसेल, तर ओढत कशाला बसायचं?"

*

आधी शेताचं बोलू, कारण तुमचा निर्णय तिथेच अडला आहे.

चार एकर ऐकायला मोठं वाटतं. पण कुत्रा एकटाच शेतात पळत बसत नाही. पळायला त्याला निमित्त लागतं: आपला माणूस, दुसरा कुत्रा, नाहीतर मागे लागायला काहीतरी. माणसांत वाढलेला कुत्रा शेतावर नेऊन सोडला की सुरुवातीचे काही दिवस ओट्यावर दाराकडे तोंड करून बसतो. मग निमित्त शोधतो. शेजारच्यांच्या कोंबड्या, शेळ्या, बांधावरून जाणाऱ्या मोटरसायकली. पहिली कोंबडी मेली की भांडण होतं आणि दुसऱ्या दिवशी साखळी येते. मग चार एकरांतला शेरा प्रत्यक्षात सहा फुटांत राहतो.

दुसरं असं की नारायणगाव म्हणजे जुन्नर तालुका. उसात बिबट्या असतो हे तिथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. लगतच्या अकोले तालुक्यात बिबट्याच्या विष्ठेवरून त्याच्या खाण्याचा अभ्यास झाला, त्यात सगळ्यांत जास्त सापडलेलं भक्ष्य म्हणजे पाळीव कुत्रा. रात्री अंगणात बांधलेल्या कुत्र्याला तर पळायचीही सोय नसते. त्यात घोणस, उंदरांचं औषध, रानडुकरांसाठी तारेत सोडलेली वीज. तिथेच जन्मलेला कुत्रा यातलं बरंच लहानपणी शिकतो. सातव्या मजल्यावर वाढलेल्याला ते कोण शिकवणार?

दिरांचा हेतू चांगलाच असणार. म्हणून त्यांना सरळ विचारा: रात्री तो कुठे झोपेल, बंद खोलीत की अंगणात? दिवसातला तासभर रोज त्याच्यासाठी कोण देईल? आजारी पडला तर डॉक्टरांकडे कोण नेईल? तिन्हींची उत्तरं माणसाच्या नावासकट मिळाली तरच ते घर म्हणून विचारात घ्या. 'सगळे आहेत की बघायला' हे उत्तर धरू नका. आणि एक कानावर असू द्या. प्राण्यांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या कायद्याच्या कलम 11 मध्ये आखूड किंवा जड साखळीने जनावराला अवाजवी वेळ बांधून ठेवणं हा गुन्हा आहे. नेहमी बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणं हाही गुन्हाच. हे शेतालाही लागू आहे आणि तुमच्या बाल्कनीलाही.

आता तुमचा मूळ प्रश्न. मोठा कुत्रा फ्लॅटमध्ये ठेवणं हा छळ आहे का? नाही. मोठा कुत्रा दिवसाचे बारा ते चौदा तास झोपतो, वाढत्या वयात आणखी थोडे जास्त. त्याला लागणारी जागा म्हणजे अंग पसरायला सहा बाय चार फूट आणि रोज घराबाहेर पडणं. बंगल्याच्या बागेत दिवसभर सोडलेली, पण कुणीही हात न लावलेली कुत्रीही अशीच उशा फाडतात. शेराला कमी पडतंय ते नाकाला आणि डोक्याला काम. आणि त्याहून जास्त, गप्प पडून राहायची सवय. ती त्याला कुणी लावलेलीच नाही.

'मिक्स म्हणून शिकत नाही' हेही सोडून द्या. लॅब्रेडॉरकडून त्याला तोंडात वस्तू धरायची हौस आणि खाण्याची ओढ आली, शेफर्डकडून हलत्या गोष्टींवरची नजर आणि आवाज करायची सवय. खाण्यासाठी काम करणारा आणि सतत माणसाकडे बघणारा कुत्रा शिकवायला सोपा. अडचण वयाची आहे. मोठ्या चणीच्या कुत्र्याचा वयात येण्याचा काळ साधारण सहाव्या-सातव्या महिन्यापासून दीड-दोन वर्षांपर्यंत चालतो. अंगात पूर्ण ताकद आलेली, आवर घालायची अक्कल अजून यायची. घरचे बहुतेक लोक नेमके याच महिन्यांत हात टेकतात.

तुमच्या दिनक्रमात सगळ्यांत आधी बंद करायची गोष्ट म्हणजे गच्चीवरचा चेंडू. हे यजमानांना पटणं कठीण जाईल, कारण ते मनापासून कष्ट घेतायत. पण नीट बघा: पाऊण तास चेंडूमागे धावलेला शेरा खाली येऊन झोपत नाही, उशा फाडतो. चेंडूमागे सुटलं की शरीर उत्तेजित होतं, आणि सलग चाळीस-पन्नास वेळा सुटलं की ते उतरायला काही तास जातात. ती अर्ध्या तासाची धावपळ म्हणजे न उतरलेली चढण. शिवाय रोज सराव केल्याने दम वाढतो. आज पाऊण तास पुरत नाही, तीन महिन्यांनी दीड तास पुरणार नाही. आपण घरात एक धावपटू तयार करत असतो. सांध्यांचाही प्रश्न आहे. काँक्रीटवर पूर्ण वेगात जाऊन करकचून थांबायचं आणि वळायचं, याने मागच्या गुडघ्याचे स्नायुबंध दुखावतात, पंजाच्या गाद्या सोलवटतात. लॅब्रेडॉर आणि शेफर्ड दोन्हींत कमरेच्या सांध्याचा आनुवंशिक दोष बऱ्यापैकी आढळतो, तेव्हा या मिश्रणात ती काळजी दुप्पट. आणि गच्चीच्या कठड्यावरून उसळलेल्या चेंडूमागे कुत्रा थांबेलच याची खात्री कुणी देऊ नये.

एकदम बंद करायचं नसेल तर आठवड्यातून दोनदा, मातीच्या मैदानावर, पाच-सहाच फेकी. चेंडू हवेत उंच न उडवता जमिनीलगत घरंगळवा. शेवटच्या फेकीनंतर पाच मिनिटं हळू चालवून मग घरी आणा.

त्याजागी काय? हुंगत फिरणं. पाच मीटरची सुती किंवा नायलॉनची दोरी घ्या. तिला हलका हुक लावून ती हार्नेसच्या (छाती-पाठीभोवती बसणाऱ्या पट्ट्याच्या) पाठीवरच्या कडीला अडकवा, गळ्यातल्या पट्ट्याला कधीच नाही. 31 किलोंचा झटका सरळ मानेवर बसतो. दोरी हाताला गुंडाळू नका, बोटं मोडतात; मोठ्या सैल वेटोळ्यांत धरा. सकाळी पस्तीस-चाळीस मिनिटं शांत रस्त्याला किंवा मोकळ्या मैदानात जा आणि वाट त्याला ठरवू द्या. एकाच झुडपाशी चार मिनिटं नाक खुपसून उभा राहिला तर उभे राहा. यजमानांना वाटेल की चालणं झालंच नाही. घरी आल्यावर तो पाणी पिऊन आडवा होतो का एवढंच बघायला सांगा. जवळ टेकडी असेल तर रविवारी तिकडे न्या, मात्र तिथला फलक वाचून आणि दोरी हातात ठेवूनच, कारण पुण्याच्या टेकड्यांवर मोर असतात आणि मोरामागे सुटलेला कुत्रा हाकेला येत नाही. ओढून परत गुंडाळणाऱ्या लीश (फिरवताना हातात धरायची दोरी) या वजनाच्या कुत्र्यासाठी निरुपयोगी. त्यात सतत ताण असतो, म्हणजे ओढायचंच शिक्षण.

आता गप्प बसायचं शिक्षण. माझ्या मते शेराच्या दुखण्यावर यासारखा उपाय नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

एक सतरंजी चौघडी करून ठेवा. ती फक्त याच कामासाठी. सत्र झालं की उचलून ठेवायची. शेराच्या रोजच्या ड्रायफूडमधले तीसेक दाणे वाटीत घ्या. त्याला घरातच लीश लावा, तुम्ही खुर्चीवर बसा, लीश मांडीखाली दाबा म्हणजे हात मोकळे राहतात. सतरंजी पायाशी टाका. बोलू नका. 'बस', 'झोप', काहीच नाही. त्याने सतरंजीवर पाय ठेवला की एक दाणा सतरंजीवर. दाणा तोंडाशी नेऊ नका, खाली ठेवा. हात वर राहिला की कुत्रा हाताकडे उठतो, आणि बसायचं शिकण्याऐवजी हात बघायचं शिकतो. बसला, एक दाणा. आडवा झाला की त्याच्या पुढच्या दोन पायांच्या मध्ये एकेक करून तीन-चार. मग अंतर वाढवायचं: तीन सेकंदांनी, पाच, आठ, पुन्हा तीन, मग बारा. उठला तर काहीच घडत नाही. रागावायचं नाही, हाकही मारायची नाही. मिनिटभरात परत येतो.

इथे हमखास होणारी चूक अशी: तो उठून पुन्हा बसला की लगेच दाणा दिला जातो. दोन दिवसांत त्याला कळतं की उठ-बस केली की दाणे मिळतात, आणि तुम्ही त्याला उठाबशा शिकवत बसता. उठून परत आडवा झाल्यावर किमान पाच सेकंद थांबा, मग द्या.

दाणा द्यायची खरी वेळ त्याच्या अंगावर दिसते. आधी तो पुढचे पाय ताठ ठेवून, कोपरांवर, झेप घ्यायच्या तयारीत बसतो. थोड्या वेळाने एक कुल्ला बाजूला पडतो. मग हनुवटी सतरंजीला लागते, एखादा लांब श्वास नाकातून सुटतो, कान सैल होतात. त्या क्षणी, गुपचूप, एक दाणा. पाच मिनिटांत सत्र संपवा, दिवसातून दोन-तीनदा करा. साधारण आठवड्याने तुम्ही खुर्चीतून उठा आणि परत बसा. मग एक पाऊल, मग स्वयंपाकघरापर्यंत. पुढे कुकरची शिट्टी, मुलाची पळापळ, आणि दाराची बेल. बेलचा आवाज आधी फोनवर रेकॉर्ड करून अगदी हळू वाजवा. एकावेळी एकच गोष्ट अवघड करायची. दोन गोष्टी एकदम वाढवल्या की तो उठतो, आणि मग 'शिकत नाही' असा शिक्का बसतो.

ओढण्याबद्दल. कुत्रा ओढतो कारण ओढल्याने तो पोचतो, एवढं साधं आहे. गळ्याची साखळी किंवा आवळणारा फास यांनी श्वासनळी दाबली जाते. समोर दुसरा कुत्रा दिसला की नेमकी तेव्हाच मान दुखते, आणि काही आठवड्यांत तो कुत्रे दिसले की भुंकू लागतो. छातीवरही कडी असलेला, वाय आकाराचा हार्नेस घ्या. खांद्यावरून आडवा जाणारा पट्टा नको, त्याने चाल अडखळते. सगळीकडे दोन बोटं शिरतील इतका सैल बसवा. लीश पावणेदोन-दोन मीटरची.

दोन प्रकारचं फिरणं वेगळं ठेवा. छातीच्या कडीला लीश म्हणजे नीट चालायचं, पाठीच्या कडीला दोरी म्हणजे मोकळं हुंगायचं. हा फरक कुत्र्याला हुकाच्या जागेवरून थोड्याच दिवसांत कळतो. नीट चालायचा सराव पार्किंगमध्ये, वर्दळ नसताना, दहाच मिनिटं. लीश सैल असताना तुमच्या सलवारीच्या शिवणीपाशी दाणा द्यायचा, पुढे हात करून नाही. लीश ताणली की थांबायचं, तो वळून बघेपर्यंत हलायचं नाही. पहिल्या दिवशी वीस पावलांना दहा मिनिटं लागतील, तेच बरोबर आहे. तुमचा खांदा बरा होईपर्यंत रस्त्यावर त्याला तुम्ही नेऊच नका. पार्किंगचा सराव तुमचा, रस्ता यजमानांचा. मुलाच्या हाती लीश एकट्याने कधीही नाही.

रस्त्यावरची कुत्री अंगावर आली तर पळू नका, काठी उगारू नका. खिशात मूठभर दाणे किंवा बिस्किटांचे तुकडे ठेवा, ते त्यांच्या बाजूला जमिनीवर भिरकावा आणि शांतपणे वळून चालू लागा. प्रत्येक टोळीची हद्द ठरलेली असते, ती ओळखून वाट बदलणं सगळ्यांत सोपं.

सासूबाईंच्या बाबतीत मात्र शिक्षणाच्या भरवशावर राहायचं नाही. शिकायला आठवडे लागतात, पडायला एक क्षण पुरतो. या वयात खुब्याचं हाड मोडणं म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. पॅसेजला सुताराकडून साडेतीन फुटांचं अर्धदार बसवून घ्या, भिंतीला स्क्रूने. दाबून बसवायची, लहान बाळांसाठीची तयार फाटकं शेरा एका धडकेत पाडेल. त्या चालत असतील तेव्हा शेरा फाटकापलीकडे; त्या बसल्यावर तो लीशवर आत. त्याला हातांनी ढकलणं बंद करायला सांगा, कारण ढकलणं त्याला खेळ वाटतो. हात छातीशी घेऊन तोंड फिरवायचं आणि चारही पाय जमिनीवर आले की मगच बोलायचं. रोज संध्याकाळी त्यांनी फाटकापलीकडून मूठभर दाणे जमिनीवर पसरून टाकावेत. तो खाली नाक घालून टिपत बसतो, आणि आजी दिसल्या की मान खाली घालायची सवय लागते. पाहुण्यांसाठीही तेच: बेल वाजली की शेरा फाटकाआड, दाणे जमिनीवर, पाहुणे बसल्यावर दहा मिनिटांनी लीशवर बाहेर. नखं कापा, फरशीवर टकटक आवाज येत असेल तर ती वाढलेली आहेत, आणि म्हाताऱ्या माणसाची कातडी लगेच सोलवटते. गुळगुळीत टाइल्सवर तो पळतो तिथे सतरंज्या टाका, खाली रबरी जाळी.

बाल्कनीत बांधणं आजपासून बंद. कठड्यावरून उडी मारली तर पट्ट्याला लटकून गळफास बसतो. भुंकण्याचं मूळही तिथेच आहे: खालून माणूस जातो, शेरा भुंकतो, माणूस निघून जातो. त्याच्या हिशोबाने त्यानेच पळवून लावला. दुपारी बाल्कनीचं दार बंद, काचेच्या खालच्या अर्ध्या भागाला दुधी फिल्म, पंखा चालू. बारा वाजता रबरी पोकळ खेळण्यात दहीभात किंवा उकडलेला लाल भोपळा भरून, रात्रभर फ्रीझरमध्ये गोठवलेला द्या. चाटत चाटत अर्धा तास जातो आणि चाटणं कुत्र्याला शांत करतं. पुठ्ठ्याच्या खोक्यात जुने कागद आणि वीस दाणे घालून दिले तर तो ते फाडेल. फाडू द्या, ते खोकं त्यासाठीच आहे. शिजवलेली हाडं नकोत. त्यांच्या टोकदार चिरफळ्या होतात.

घरात कुणीच नसताना काय करतो ते एकदा फोन लावून चित्रित करा. इकडेतिकडे फिरून झोपत असेल तर फक्त कंटाळा. पण दार लागल्यापासून पाच-दहा मिनिटांतच लाळ गळणं, दार ओरबाडणं, एरवी आवडणाऱ्या खाण्यालाही तोंड न लावणं, असं दिसलं तर ती एकटेपणाची भीती आहे. तिचा इलाज वेगळा, डॉक्टरांच्या मदतीने करायचा. यातलं काहीच तिला लागू पडणार नाही.

खाण्याचं तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून थोडक्यात. या वजनाच्या, हालचाल भरपूर असलेल्या तरुण कुत्र्याला साधारण 400 ते 450 ग्रॅम ड्रायफूड दिवसाला पुरतं, दोन वेळांत विभागून. त्यातला तिसरा हिस्सा बाजूला काढायचा, वर सांगितलेला सगळा सराव त्यातूनच. वेगळी बिस्किटं घालत बसलात तर दोन महिन्यांत तो 35 किलोंचा होईल. हात फिरवल्यावर बरगड्या सहज लागल्या पाहिजेत, लांबून दिसू नयेत. घरचं देत असाल तर नुसतं दूध-पोळी अपुरी पडते; अंडी, चिकन असं काही प्रथिन हवंच. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट घरातल्या कुणीही द्यायचं नाही. जेवण आणि दगदग यांत तासभर अंतर ठेवा. खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांत पोट फुगून पीळ पडतो. पोट टम्म, ओकारी येते पण बाहेर काही पडत नाही, तो अस्वस्थ होतो. असं दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही, त्याच क्षणी दवाखाना.

डॉक्टरांकडे या आठवड्यात एकदा नेऊन आणाच, वागणुकीसाठी म्हणूनसुद्धा. कानाचं दुखणं, खाज, कमरेचा सांधा, यांनी कुत्रा चिडचिडा आणि बेचैन होतो. पावसाळ्यात गोचीड ताप सर्रास असतो. रोज कानांच्या आत आणि बोटांच्या बेचक्यांत बघा, महिन्याची गोळी डॉक्टरांना विचारून सुरू ठेवा. साचलेल्या पाण्यात पाय घालू देऊ नका, आणि रेबीजबरोबर लेप्टोची (उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची) लसही दरवर्षी झाली आहे ना ते पुस्तिकेत तपासा. उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत आणि रात्री आठनंतरच बाहेर; डांबरावर हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवता आली नाही तर त्याचे पंजेही भाजतील. नसबंदीचं याच भेटीत विचारा, हाडांची वाढ या वयात जवळपास पूर्ण झालेली असते. पण तिने ओढणं किंवा उड्या थांबतील अशी आशा धरू नका.

सोसायटीचा प्रश्न कागदावर सोपा आहे. भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे पाळीव कुत्रा ठेवायला किंवा त्याला लिफ्टमधून न्यायला सोसायटी बंदी घालू शकत नाही. पण हा कागद खिशात ठेवा, आधी दाखवू नका. महापालिकेचा परवाना आणि लसीकरणाची प्रत स्वतःहून कमिटीला द्या. दुपारचं भुंकणं थांबवायला काय केलं ते लिहून द्या. लिफ्टमध्ये कुणी असेल तर पुढच्या फेरीला थांबा. आत शिरल्यावर शेरा कोपऱ्यात, तुम्ही त्याच्या आणि दाराच्या मध्ये. पिशवी बरोबर ठेवा आणि ती वापरताना दिसा.

ट्रेनर घ्यायचा तर तुमच्या घरी येऊन तुम्हाला शिकवणारा घ्या. 'महिनाभर माझ्याकडे ठेवा, तयार करून देतो' म्हणणाऱ्याकडे कुत्रा शिकतो तो त्या माणसाचं ऐकायला. घरी आल्यावर चार दिवसांत मूळ पदावर. शॉक देणारा पट्टा, खिळ्यांचा पट्टा, 'त्याला दाखवून द्या मालक कोण' असली भाषा ऐकलीत की नमस्कार करून निरोप द्या. आणि शेरा खरोखर गुरगुरू किंवा चावू लागला, तर आधी डॉक्टर, मग कुणीही.

या सगळ्याला दहा आठवडे द्या, आणि यजमानांशी आजच ठरवा की तोवर शेताचा विषय काढायचा नाही. पहिले दोन आठवडे वाईट जातील. इतके दिवस जे चालत होतं ते चालेनासं झालं की कुत्रा आधी दुप्पट जोर लावतो, मग सोडतो. नेमकं तिथेच हार मानली तर जोर लावला की जमतं हे तो कायमचं शिकेल. कॅलेंडरवर रोज तीन गोष्टी लिहा: संध्याकाळी न सांगता किती मिनिटं आडवा पडला, किती जणांवर उडी मारली, काय फाडलं. मुलाला ते काम द्या. दर रविवारी आकडे बघा, आठवणीवर विसंबू नका. थकलेल्या माणसाला वाईट दिवसच आठवतात.

दहा आठवड्यांनी आकडे हललेच नाहीत, किंवा तुमच्या घरातल्या कामांत एवढा वेळ खरंच निघत नाही असं दिसलं, तर त्याला दुसरं घर बघणं हा गुन्हा नाही. मात्र घर बघा, जमीन नव्हे. आधी मोठा कुत्रा सांभाळलेलं, फार लहान मुलं किंवा थकलेली माणसं नसलेलं, दिवसातले दोन तास देणारं कुटुंब. त्यांना दोनदा तुमच्याकडे बोलवा आणि एकदा त्यांच्याकडे शेराला घेऊन जा. त्याच्या उड्या, ओढणं, भुंकणं काहीही लपवू नका; लपवलेलं महिन्याभरात उघडं पडतं आणि कुत्रा रस्त्यावर येतो. पैसे घेऊ नका. लसीकरणाची पुस्तिका, तो खातो त्याच ड्रायफूडचं पंधरा दिवसांचं पाकीट, हार्नेस आणि ती सतरंजी बरोबर द्या. परवाना त्यांच्या नावे करून घ्या. जमलं नाही तर त्याला दुसऱ्या कुणाला न देता तुमच्याकडेच परत आणायचं, हे दोघांच्या सहीने एका कागदावर लिहून ठेवा.